श्रम, शीण आणि विराम
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 17 च्या अनुषंगाने)

विषय

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकात भगवान श्रीकृष्ण पाच गोष्टींचे प्रमाण सांगतात : आहार, विहार, कर्मातील चेष्टा, निद्रा आणि जागृती. या पाचही ज्याच्या ‘युक्त’, म्हणजे बेताच्या असतात, त्याचा योग दुःखाचा परिहार करतो, असा आशय आहे. हा उपदेश केवळ ध्यानस्थ बसणाऱ्यासाठी आहे असे समजून अभ्यासक पुष्कळदा पुढे जातो. वस्तुतः सुखसोयी वाढूनही मनुष्य थकलेला का, या आजच्या प्रश्नाचे उत्तर या एका ‘युक्त’ शब्दात साठविलेले आहे.

शंका

येथे शंका अशी की, श्रम घटले तर थकवाही घटला पाहिजे. पहाटेचे जाते गेले, विहिरीचा रहाट गेला, मैलोगणती पायपीट गेली. सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हा प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 साली. कापडगिरणीतील पुरुषाचा दिवस 1911 च्या कायद्याने 12 तासांचा झाला, 1922 मध्ये 11 तासांचा, आणि 1948 च्या कारखाना अधिनियमाने 9 तासांची दैनिक व 48 तासांची साप्ताहिक मर्यादा घातली. एवढे ओझे उतरूनही नोकरदार गृहस्थ संध्याकाळी ‘गळून गेलो’ म्हणतो, हे कसे?

समाधान

श्रम आणि शीण या दोन वस्तू भिन्न आहेत. श्रम देहाचा, हातातील काम खाली ठेवले, पोटभर जेवण झाले, झोप लागली की तो उतरतो. शीण चित्ताचा, काम थांबले तरी तो थांबत नाही. चौदाव्या अध्यायाच्या बाराव्या श्लोकात रजोगुण वाढल्याची लक्षणे दिली आहेत : लोभ, प्रवृत्ती, कर्मांचे नवनवे आरंभ, अशम आणि स्पृहा. यांतील ‘अशम’ म्हणजे न शमणे, हेच शिणाचे मूळ. यंत्र श्रम वाचविते, परंतु आरंभ वाचवीत नाही. वाचलेला वेळ रजोगुण दुसऱ्या आरंभाने भरून टाकतो.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 च्या आपल्या ग्रंथात हेच दाखविले. घरोघरी यंत्रे आली, पण गृहिणीचे कामाचे तास त्या प्रमाणात उतरले नाहीत, कारण स्वच्छतेची अपेक्षा यंत्राबरोबर वाढत गेली. आठवड्याला धुवायचे कपडे रोज धुतले जाऊ लागले. सोय वाढली, तशी स्पृहाही वाढली.

दुसरे कारण विरामाचा लोप. सोलापूरच्या गिरण्यांचे आयुष्य सुखाचे नव्हते. आत उष्मा, कापसाची धूळ आणि कानठळ्या बसविणारा खडखडाट असे. परंतु सुटीचा भोंगा झाला की गिरणीचे काम गिरणीत राही. आज त्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या आहेत. कचेरीचे काम मात्र मोबाइलमधून अंथरुणापर्यंत येते. देह निजलेला आणि चित्त कचेरीत, ही धड निद्रा नव्हे, धड जागृतीही नव्हे. शिवाय पडद्याचा तीव्र प्रकाश रात्री झोप लांबवितो, हे शरीरशास्त्रही सांगते. मेंदूचे वजन देहाच्या सुमारे 2 टक्के, पण विश्रांतीतही तो सुमारे 20 टक्के ऊर्जा घेतो. गहन विचाराने त्यात अगदी थोडी भर पडते. म्हणून चित्ताचा शीण केवळ अन्नाने भरून निघत नाही. उलट, दिवसभर बसून राहिलेल्या देहाचे स्नायू दुर्बल होतात आणि जिना चढतानाही धाप लागते. देहाची चेष्टा अल्प, चित्ताची अति; दोन्हीकडून ‘अयुक्त’.

दृष्टांत

हातमागावर विणणारा विणकर दिवसाचे काम संपले म्हणजे ताण्याचा ताण सैल करून उठतो. सूत तेच, माग तोच. परंतु रात्रभर ताणलेला ताणा सकाळी ठिकठिकाणी तुटतो, आणि मग विणण्यापेक्षा गाठी मारण्यातच दिवस जातो.

दार्ष्टांतिक

माग म्हणजे देह, ताणा म्हणजे चित्त, विणकर म्हणजे जीव. मागाला मऊ गादी घातल्याने ताणा सैल होत नाही. तो विणकराने स्वतः सोडावा लागतो. सुखसोय ही गादी होय, विराम हे ताण सोडणे होय. साधकाच्या आचारात भिक्षा, अटन, विजन व स्मरण यांना आपापली वेळ आहे. अटनाने पाय दुखतात, पण शीण येत नाही, कारण एका क्रियेच्या वेळी दुसरी चित्तात शिरत नाही.

दुसरी शंका

मग थकलेला प्रत्येक जण रजोगुणी मानावा काय? मुळीच नाही. सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने ठरते. तिला सुटीचा भोंगा नाही. स्वयंपाक आणि मुले सांभाळून हजाराचा आकडा गाठायचा. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, पत्र्याखाली रात्रीही उष्मा हटत नाही. तिचा थकवा हा शीण नव्हे, साक्षात श्रम आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा स्त्रीस संतोषाचा उपदेश करणे हा शास्त्राचा विपरीत विनियोग होय. श्लोकातील पाच गोष्टींत पहिली ‘आहार’ आहे, हे उपदेशकाने विसरू नये. तिला पुरेसे अन्न, झोप, रास्त मजुरी आणि वैद्याची तपासणी हवी. आपली सोय दुसऱ्याच्या श्रमावर उभारून त्यालाच समाधान शिकविणे, हा हिंसेचाच एक प्रकार आहे. घरात सर्वांच्या आधी उठून सर्वांच्या शेवटी निजणारी सून असेल, तर त्या घरातील इतरांची विश्रांती ‘युक्त’ म्हणता येत नाही.

आचरण

वासनिकाने सायंकाळची एक वेळ ठरवावी आणि ती आपला भोंगा मानावी. त्यानंतर कचेरीचा व्यवहार उघडू नये. मोबाइल निजण्याच्या जागेपासून दूर ठेवावा. रोज काही अंतर पायी चालावे. घरातील एक काम आपल्या हाती घेऊन दुसऱ्याचा भार हलका करावा. इतके करूनही थकवा हटत नसेल तर वैद्याकडे जाण्यात विलंब करू नये. नामस्मरण हे थकव्यावरील औषध नव्हे; त्याचे प्रयोजन परमेश्वरप्राप्ती आहे. परंतु विखुरलेले चित्त स्मरणाला बसत नाही, म्हणून विराम ही स्मरणाची पूर्वतयारी होय.

अभ्यासार्थ प्रश्न

1. श्रम आणि शीण यांतील भेद स्वतःच्या एका दिवसावरून दाखवा.
2. ‘अशम’ हे रजोगुणाचे लक्षण का?
3. आपल्या घरात कोणाच्या श्रमामुळे कोणाला विश्रांती मिळते, याचा विचार करा.