रक्त देतांना बाळगावयाची सावधगिरी

दुसऱ्याचें रक्त देऊन रोग्याचे प्राण वांचवितां येतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेंच रक्त न जुळल्यास प्राणघातक होतें, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. म्हणून या विषयाचा आपण येथें थोडक्यांत विचार करूं.

इ. स. १६६७ मध्यें पॅरिस येथील दनी नांवाच्या वैद्यानें एका मनुष्यास वासराचें रक्त दिलें. दुसऱ्या खेपेस त्याच्या कमरेंत कळा आल्या व लघवी काजळासारखी काळी झाली. परकें रक्त शरीरांत फुटल्याची ती खूण होती. पण तिचा अर्थ तेव्हां कोणास उमगला नाहीं. पुढें १९०१ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर यांनीं मानवी रक्ताचे गट दाखवून दिले, तेव्हां हें कोडें सुटूं लागलें. ए गटाच्या मनुष्याच्या रक्तरसांत बी गटाच्या पेशींचा नाश करणारीं द्रव्यें स्वभावतःच असतात. १९५२ सालीं मुंबईस डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं असा विरळा गट उजेडांत आणला कीं, तो साध्या तपासणींत ओ गटासारखा दिसतो, पण त्यास ओ गटाचें रक्तहि सोसत नाहीं. यास्तव केवळ गट पाहून भागत नाहीं; दोघांचें रक्त एकमेकांशीं जुळवून पाहावें लागतें.

रक्त सुरू झाल्यावर पहिलीं १५ मिनिटें विशेष जपावयाचीं असतात. हुडहुडी भरून ताप येणें, कंबर किंवा छाती दुखणें, सुईच्या जागीं आग होणें, धाप लागणें, लघवी तांबडी वा काळी होणें, हीं धोक्याचीं लक्षणें होत. अंगावर नुसत्या गांधी उठल्या तर विकार बहुधा सौम्य असतो. तरी त्याचा निर्णय डॉक्टरांनींच करावयाचा. वृद्धांस रक्त फार वेगानें गेल्यास केवळ त्या भारानेंहि श्वास कोंडतो.

अशा वेळीं पहिला उपाय एकच, तो म्हणजे रक्त तत्काळ थांबविणें. परिचारिका सुई काढीत नाहीं. नवी नळी लावून सलाइन चालूं ठेवते व डॉक्टरांस बोलाविते. नंतर पिशवीवरील नांव, गट व क्रमांक पुन्हां ताडून पाहतात, आणि ती पिशवी रोग्याच्या रक्ताच्या नमुन्यासह रक्तपेढीकडे धाडतात. कारण असे अपघात बहुधा शास्त्राच्या उणीवेमुळें होत नसून, एकाचें रक्त दुसऱ्यास लावण्याच्या नजरचुकीमुळें होतात.

आपण वैद्य नव्हों, हें खरें. तथापि आजाऱ्याच्या उशाशीं बसण्याचा प्रसंग कोणावरहि येतो. "मला कसेंसेंच होतें" असें तो म्हणाला तर "थोडें सोसा" असें न सांगतां आपण तत्क्षणीं परिचारिकेस हांक मारावी. आपल्या संकोचापेक्षां त्याचा प्राण मोलाचा आहे.