लॅपटॉपचा मायक्रोफोन मूक झाला तर : एक अभ्यासपाठ

निवासी शाळेतील मुलाचे घराशी असलेले नाते रविवारच्या काही मिनिटांत सामावलेले असते. वसतिगृहातील लॅपटॉपच्या पडद्यावर आई दिसते, आईला मूल दिसते. परंतु मुलाचे ओठ नुसते हलतात, आवाज पलीकडे पोहोचत नाही. "बोल ना रे, रुसलास का?" असे ती विचारते, आणि इकडे मूल घसा फोडून बोलत असते. रांगेत पुढची मुले उभी असल्याने ठरलेली वेळ तशीच संपते.

शाळेतील पुष्कळ लॅपटॉप माजी विद्यार्थ्यांनी स्वतः वापरून मग शाळेला दिलेले आहेत. त्यांतील एखाद्याचा मायक्रोफोन बंद पडला, की तो 'बिघडलेला' ठरून कपाटात जातो. आमचा अनुभव असा, की अशा यंत्रांपैकी बहुतेकांचा मायक्रोफोन शाबूत असतो. कोणीतरी त्याला गप्प केलेले असते. कधी एका कळीने, कधी एका परवानगीने, तर कधी चुकीच्या निवडीने. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी दोष कोठे आहे हे शोधण्याचा क्रम येथे मांडतो.

प्रथम या वस्तूची ओळख करून घेऊ. लॅपटॉपमधील मायक्रोफोन तांदळाच्या दाण्याएवढा असतो. त्यात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. आवाजाने हवेचा दाब बदलला की पडदा थरथरतो, त्याचे मागील पट्टीपासूनचे अंतर कणभर कमीजास्त होते आणि त्यावरून विजेचा संकेत तयार होतो. बाहेरून आपल्याला दिसते ते केवळ टाचणीच्या टोकाएवढे छिद्र, बहुधा कॅमेऱ्याच्या शेजारी, क्वचित कळफलकाच्या कडेला. अनेक यंत्रांत अशी दोन छिद्रे असतात, म्हणून पडद्यावर त्याचे नाव 'मायक्रोफोन ॲरे' असे येते.

आता तपासणीकडे वळू. सर्वांत आधी व्हिडिओ कॉल बंद करावा आणि विंडोजमधील 'साउंड रेकॉर्डर' उघडून दहा सेकंद बोलावे व ते ऐकावे. ही एकच चाचणी अर्धे काम करते. येथे आवाज उमटला तर मायक्रोफोन ठणठणीत आहे; दोष कॉलच्या ॲपमध्ये, ब्राउझरमध्ये किंवा पलीकडच्या माणसाच्या स्पीकरमध्ये शोधावा. येथेही शांतता असेल तरच पुढे लॅपटॉपच्या अंतरंगात शिरावे. घाईने ड्रायव्हर काढून टाकणारे या पायरीला फाटा देतात आणि नसलेला रोग बरा करत बसतात.

पहिली चाचणी उत्तीर्ण झाली असेल, तर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतील डाव्या बाजूचे चिन्ह दाबून त्या संकेतस्थळाला मायक्रोफोनची परवानगी आहे का ते पाहावे. कधीतरी घाईत 'ब्लॉक' दाबलेले असते आणि ब्राउझर ते विसरत नाही. कॉलच्या ॲपमध्येही मायक्रोफोन निवडण्याची स्वतंत्र जागा असते. ती पाहणे राहून जाते.

पहिल्या चाचणीत आवाज आला नाही, तर कळफलक पाहावा. वरच्या ओळीतील एका कळीवर आडवी रेघ मारलेल्या मायक्रोफोनचे चित्र असते. काही यंत्रांत ती एफ-४ ची कळ असते, इतरांत अन्य कोणती. त्यावर बारीक दिवा लागलेला असेल तर मायक्रोफोन बंद आहे असे समजावे. वसतिगृहात कळफलक पुसताना ही कळ सहज दाबली जाते.

त्यानंतर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'साउंड' असे जाऊन 'इनपुट' हा भाग पाहावा. आदल्या रात्री कोणी ब्लूटूथ हेडफोन जोडला असेल आणि तो अजून कोठेतरी उशीखाली चालू असेल, तर लॅपटॉप त्या उशीखालचाच आवाज ऐकत राहतो. येथे 'मायक्रोफोन ॲरे' निवडून बोलावे. शेजारची पट्टी आवाजाबरोबर हलली पाहिजे. हेडफोनच्या भोकात धूळ किंवा तुटलेल्या पिनेचा तुकडा अडकला असेल तरी यंत्राची फसगत होते: हेडसेट जोडला आहे असे मानून ते स्वतःचा मायक्रोफोन बाजूला ठेवते.

पट्टी हलत नसेल तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' येथील 'मायक्रोफोन' उघडावे. येथे एकाखाली एक परवानग्या असतात, आणि सर्वांत खालची, डेस्कटॉप ॲप्ससाठीची, अनेकदा नजरेतून सुटते. जुन्या विंडोज १० मध्ये हीच जागा 'प्रायव्हसी' या नावाखाली सापडते.

ड्रायव्हरची पाळी यानंतर. 'डिव्हाइस मॅनेजर'मधील 'ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स' येथे मायक्रोफोनवर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल' करावे आणि यंत्र 'रिस्टार्ट' करावे. विंडोज ड्रायव्हर पुन्हा बसवते. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे याच्या बरोबरीचे नाही, कारण 'फास्ट स्टार्टअप' चालू असताना विंडोज आपल्या गाभ्याची जुनी स्थिती जपून ठेवते. अडचण एखाद्या अपडेटनंतर उद्भवली असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' आधी करून पाहावे.

छिद्राबाबत एक कळकळीची सूचना. त्यात सुई किंवा टाचणी घालू नये. पडदा फाटला की तो मायक्रोफोन कायमचा गेला. दाबलेल्या हवेचा फवाराही मारू नये. कोरड्या मऊ ब्रशने वरवर झाडणे पुरेसे आहे. मुलांनी हौसेने लावलेले स्टिकर मात्र अवश्य तपासावे.

येथवर मायक्रोफोन 'चालतो' की नाही एवढेच पाहिले. आवाज चांगला यावा हा वेगळा विषय आहे, आणि तो आम्हांला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात अशी वृद्ध माणसे आहेत, ज्यांनी विम्कोच्या आगपेटी कारखान्यात किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीत आयुष्य घालवले. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या आठवणी मुलांनी टिपाव्यात असे आम्हांला वाटते. या पिढीला पुन्हा विचारायला वेळ मिळेलच असे नाही.

अशा वेळी लॅपटॉपची एक 'सोय' घात करते. 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' आणि कॉल ॲप्समधील गोंगाट कमी करण्याची व्यवस्था सतत येणाऱ्या आवाजाला कचरा मानते. म्हाताऱ्या आजीचा क्षीण, थरथरता स्वर तिच्या हिशेबात कधी कधी कचऱ्यातच जमा होतो. जात्यावरच्या ओवीचे उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांविषयीच्या ओव्याही आहेत. त्यांतील अनेक ध्वनिमुद्रित झालेल्या असून 'पारी' या संकेतस्थळावर आज ऐकता येतात. जात्याची घरघर त्या गाण्याचाच ताल असते. आजचा लॅपटॉप तोडलेल्या मोजमापाने ती घरघर पुसून टाकेल आणि तिच्याबरोबर ओवीचे शेवटचे अक्षरही. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वी ही एन्हान्समेंट्स बंद करावीत. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय आहे.

अंतराचा नियमही ध्यानात ठेवावा. मोकळ्या जागी बोलणाऱ्याचे अंतर दुप्पट झाले की मायक्रोफोनपर्यंत येणाऱ्या ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते, पण पंखा आणि लोकलची धडधड तेवढीच राहते. लॅपटॉप बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा, खाली घडी घातलेली सतरंजी असावी. तिच्यामुळे टेबलाचे ठोके आत शिरत नाहीत. सतरंजीने यंत्राची हवा जाण्याची जाळी मात्र झाकू नये. शके ९८२ म्हणजे १०६० सालच्या लेखाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मंदिराच्या दगडी भिंतींजवळ आवाज घुमतो, तेव्हा मुलाखत झाडाखाली घ्यावी. पहिली अर्धी मिनिट मुद्रित करून तेथेच ऐकावी. आजी घरी गेल्यावर ऐकून उपयोग नाही.

सर्व उपाय थकले तर लॅपटॉपचे झाकण हळूहळू उघडमीट करत बोलावे. आवाज येतो-जातो असे आढळल्यास बिजागरीतून जाणारी बारीक केबल झिजली आहे. दुरुस्तीवाल्याला नेमके एवढेच सांगावे, म्हणजे 'मदरबोर्ड बदलावा लागेल' या वाक्याला आपल्याकडे उत्तर असते. केबल बदलणे शक्य नसेल तर साधा यूएसबी मायक्रोफोन जोडावा. ध्वनीचे रूपांतर तो स्वतःच करत असल्याने लॅपटॉपचे हेडफोनचे भोक नादुरुस्त असले तरी तो चालतो. जोडल्यावर 'इनपुट'मध्ये जाऊन त्याची निवड करावी आणि साउंड रेकॉर्डरची तीच दहा सेकंदांची चाचणी पुन्हा घ्यावी.