चित्राचे धनी कोण?

आपल्या जिल्ह्यातील पितळखोरे लेण्यांत सापडलेली यक्षमूर्ती सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास या सोनाराने घडविली, असा ब्राह्मी लेख तिच्या हातावर कोरलेला आहे. त्याच लेण्यांत पैठणच्या मित्रदेव नामक गंधिकाच्या स्तंभदानाचीही नोंद आहे. चितेगावाहून जो रस्ता पैठणला जातो, त्या नगरीचा हा वारसा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही घडविणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे नाव दगडात जपले गेले.

हा विवेक आज वारली चित्रांबाबत आवश्यक आहे. शाळा, कार्यालये, रेल्वे स्थानके यांच्या भिंतींवर पांढऱ्या त्रिकोणी आकृती सर्रास दिसतात. परंतु मुळात ही केवळ सजावट नव्हे. डहाणू परिसरातील वारली घरांत लग्नप्रसंगी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते आणि धवलेरीच्या गाण्यांनी तो विधी सिद्ध होतो. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकनही लाभले.

ऑस्ट्रेलियातील आदिवासींमध्ये कोणती कथा कोणी रंगवावी, हा अधिकार कुळाचा असतो. १९६६ मध्ये तेथील एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी यांचे चित्र त्यांना न विचारताच छापले गेले. ते एका पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीचे होते. बोभाटा झाल्यावर त्यांना एक हजार डॉलर, पदक आणि मासेमारीचे साहित्य देण्यात आले. आज तेथे सार्वजनिक कलाकृतीपूर्वी त्या भूमीच्या परंपरागत धन्यांची संमती घेण्याचा प्रघात रुजला आहे.

पंचशीलातील दुसरे शील अदिन्नादानापासून विरत राहण्यास सांगते. अदिन्नादान म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. हे शील केवळ धनधान्यापुरते नाही, असे आम्ही मानतो. एखाद्या समाजाची पूजनीय रेषा न विचारता उचलणे हेही त्यातच येते. ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके वंचना आली, त्या आपण तर हे विशेष जाणले पाहिजे.

म्हणून भिंत रंगविण्यापूर्वी वारली कलावंतांना सन्मानाने पाचारण करावे. कोणती आकृती घराबाहेर लिहिता येते, हे त्यांनाच विचारावे. योग्य मानधन द्यावे आणि चित्राखाली त्यांचे नाव व पाडा लिहावा. विद्यार्थ्यांनी त्यांच्या शेजारी बसून शिकावे.