दुहेरी पडताळणी : माहितीच्या कपाटाची दुसरी किल्ली



वार्षिक अहवालात आम्ही दरवर्षी रुग्णसेवा, उपकरणे व जमाखर्च यांचा तपशील आपणांपुढे ठेवतो. यंदा ताळेबंदात कोठेही नोंद नसलेल्या एका विषयाचा परिचय करून देत आहोत. तो विषय म्हणजे कामकाजाच्या संगणकीय खात्यांची दुहेरी पडताळणी.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. किनाऱ्यावरील मच्छीमार, जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी बांधव आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने राबणारे कामगार हा या भागातील रुग्णवर्ग. क्षयरोगाचे निदान, गर्भारपणातील नोंद, आधार क्रमांक अशी माहिती रुग्ण विश्वासाने रुग्णालयाच्या स्वाधीन करतो. देणगीदार आपला पॅन क्रमांक देतात. केसपेपर लोखंडी कपाटात होते, तोवर कपाटाची किल्ली सांभाळणे पुरेसे असे. आता ईमेल, जनआरोग्य योजनेचे दावे, बँक व प्राप्तिकर विवरणपत्रे ही सर्व कामे संगणकावर होतात आणि किल्लीची जागा पासवर्डने घेतली आहे.

पासवर्डचा दोष असा की, तो चोरीस गेला तरी मूळ धन्यापाशीच राहतो. त्यामुळे चोरी झाल्याचे समजतही नाही. याचे मोठे उदाहरण अमेरिकेतील आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील वैद्यकीय बिलांचे व्यवहार हाताळणाऱ्या चेंज हेल्थकेअर या कंपनीत हल्लेखोर शिरले. बाहेरून काम करण्यासाठी ठेवलेल्या एका प्रवेशद्वारातून, चोरलेल्या नाव-पासवर्डच्या साह्याने ते आत आले. त्या प्रवेशद्वारावर दुहेरी पडताळणी नव्हती, हे मूळ कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकन संसदेच्या समित्यांपुढे मान्य केले. सुमारे १९ कोटी लोकांच्या माहितीला त्याची झळ पोहोचली. दवाखाने व औषधांची दुकाने यांची बिले अडकून पडली.

आपल्या देशातही २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील संगणकयंत्रणा हल्ल्यामुळे बंद पडली आणि बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने लिहून चालवावी लागली. तेथे संगणकजाळ्याची योग्य विभागणी नसल्याचे कारण शासनाने संसदेत सांगितले. म्हणजे दुहेरी पडताळणी हा सर्व रोगांवरील एकच उपाय नव्हे. मात्र चोरलेल्या पासवर्डवर तो निश्चित उतारा आहे.

तत्त्व साधे आहे. एटीएममध्ये पैसे काढताना कार्ड हाती असावे लागते आणि पिन ठाऊक असावा लागतो. दोहोंपैकी एकच गोष्ट चोराला मिळाली तर उपयोग नाही. त्याचप्रमाणे येथे पासवर्ड ही ‘ठाऊक असलेली’ आणि मोबाइल ही ‘जवळ असलेली’ गोष्ट होय. गुगल ऑथेंटिकेटरसारखे ॲप मोबाइलवर घेऊन खात्याने दाखवलेला क्यूआर कोड एकदा टिपला की, एक गुप्त क्रमांक मोबाइल व सर्व्हर या दोघांकडे जमा होतो. त्यानंतर हा क्रमांक आणि घड्याळातील वेळ यांच्या गणितातून दोन्हीकडे सारखाच सहा अंकी संकेतांक तयार होतो. साधारणतः दर ३० सेकंदांनी तो बदलतो. २०११ साली ही पद्धत खुले मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

संकेतांक मोबाइलमध्येच तयार होत असल्याने त्यास नेटवर्क लागत नाही. डोंगराळ भागातील शिबिरात संदेशाची वाट पाहावी लागते, तेथे ही सोय मोलाची ठरते. शिवाय दुसऱ्याच्या नावाचे सिम काढून संदेशातील ओटीपी पळवणाऱ्यांचा मार्गही येथे बंद होतो. मोबाइलचे घड्याळ मात्र अचूक हवे.

ही व्यवस्था अमलात आणताना चार पथ्ये पाळावीत. पहिले, एका खात्यावर चौघांनी काम करू नये. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे. दुसरे, दुहेरी पडताळणी सुरू करताना मिळणारे राखीव संकेतांक कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावेत. मोबाइल हरवल्यास तेच कामी येतात. तिसरे, मोबाइल बदलण्यापूर्वी ॲप नव्या यंत्रावर न्यावे. आणि चौथे, नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. इतके करूनही संकेतांक फोनवर कोणास सांगितला अथवा बनावट पानावर भरला, तर चोर तो त्याच अर्ध्या मिनिटात वापरू शकतो. म्हणून ‘आम्ही बँकेतून बोलतो’ म्हणणाऱ्यासही तो सांगू नये.

विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांस आमची नम्र विनंती आहे की, आपल्या ईमेलपासून आजच आरंभ करावा. कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलच्या आधारे बदलता येतात. रुग्णालयाच्या नावाने देणगी अथवा उपचाराचे पैसे मागणारा अनपेक्षित संदेश आल्यास प्रथम कार्यालयात विचारणा करावी. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे; जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम थोपवली जाण्याची शक्यता अधिक.

प्रवेशाच्या वेळी खर्च होणारे अर्धे मिनिट कामाच्या घाईत अनेकांना जाचक वाटते, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्यासही वेळ लागतोच आणि तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणत नाही. रुग्णाचे गुपित व दात्याचा विश्वास ही दोन्ही आपणांकडील ठेव आहे. ती जपण्याच्या कामी आपले सहकार्य लाभावे, ही प्रार्थना.