कोमेजणारे फूल : डच चित्रांत आणि आपल्या पुष्पपूजेत



वंदनेच्या वेळी आपण बुद्धमूर्तीपुढे फूल ठेवतो आणि पुष्पपूजेची पाली गाथा म्हणतो. तिचा अर्थ आपण मुलांना कधी सांगितला आहे का? तिच्यात धन, संतती, यश यांपैकी काहीच मागितलेले नाही. फूल सुकते तसा आपला देहही नाशाकडे चालला आहे, हे आपण त्यात स्वतःलाच बजावतो.

सतराव्या शतकात हॉलंडच्या चित्रकारांनीही हीच अनित्यता फुलांतून रंगवली. याकोब द गेइन याचे १६०३ चे चित्र न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मध्ये कवटी, तिच्यावर तरंगणारा मोठा बुडबुडा, बाजूला फुले आणि खाली नाणी. अशा चित्रांना 'व्हॅनिटास' म्हणतात. हा लॅटिन शब्द बायबलमधल्या 'उपदेशक' या ग्रंथातून आला, अर्थ, व्यर्थता. पुढच्या चित्रकारांनी कवटी वगळली तरी कुरतडलेले पान, पाकळीवरची माशी, मेजावर गळलेली पाकळी बहुधा ठेवली. वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब ते एकाच फुलदाणीत रंगवीत. प्रत्यक्षात असा गुच्छ त्यांना मिळणेच शक्य नव्हते! ट्यूलिपच्या कंदांवर तेव्हा सट्टा चाले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये त्यांचे भाव कोसळले. अर्थात, प्रत्येक गुच्छात प्रवचन शोधू नये. पुष्कळ चित्रे निव्वळ शोभेसाठीही घेतली जात.

फरक मात्र नीट ध्यानात घ्या. ख्रिस्ती चित्रकाराचे कोमेजलेले फूल देहाकडून अमर आत्म्याकडे बोट दाखवते. फुलावरचे फुलपाखरू म्हणजे पुनरुत्थान, असाही अर्थ लावतात. आपल्याकडे फुलामागे आत्मा नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्यावरचा विश्वास हा अधम्म म्हटला आहे. म्हणून आपले फूल परलोकाकडे नेत नाही, याच आयुष्यातल्या शीलाकडे परत आणते.

इथे सिंगापूरमध्ये ऑर्किड सहज मिळते. १९८१ पासून त्याचाच एक प्रकार देशाचे राष्ट्रीय फूल आहे. पाण्यात ते बरेच दिवस टवटवीत राहते, म्हणून आपल्याला सोयीचे वाटते. काही घरांत तर बुद्धमूर्तीपुढे प्लास्टिकची फुले असतात. ती पुसून वर्षभर चालतात, पण त्यांच्यासमोर ती गाथा म्हणायची तरी कशी?

येत्या पौर्णिमेला लिटल इंडियातून मोगऱ्याची माळ आणा. दुसऱ्या दिवशी ती लगेच उचलू नका. पिवळी पडलेली माळ आधी मुलांच्या हातात द्या आणि मग गाथेचा अर्थ सांगा.