सैनिकाचा मणका आणि अपिलाचा अर्ज

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावास ‘मिलिटरी’ हे बिरूद कायमचे जोडले गेले आहे. सैन्यसेवेची अशी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात गुडघा, कंबर किंवा मान यांचे दुखणे सेवेतच जडलेला माजी सैनिक पुष्कळ गावांत भेटतो. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणे, खंदक खणणे, अवजड वाहनातून खडबडीत वाटांनी प्रवास करणे यांचा ताण सांध्यांवर व मणक्यांवर पडतो. गोळीची जखम दिसते; मणक्यातील सरकलेली चकती दिसत नाही. म्हणूनच अशा विकारांबाबत वाद उद्भवतो.

सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ दोन प्रश्नांची उत्तरे देते. अपंगत्व किती टक्के, आणि ते सैनिकी सेवेमुळे उद्भवले अथवा वाढले काय? निवृत्तिवेतनातील अपंगत्वाचा अंश मिळण्यास सामान्यतः किमान २० टक्के अपंगत्व आणि सेवेशी संबंध, या दोन्ही गोष्टी लागतात. जवानाचे लक्ष टक्केवारीकडे असते. दावा मात्र पुष्कळदा दुसऱ्या उत्तरावर फेटाळला जातो. ‘विकार शरीरप्रकृतीचा आहे, सेवेशी संबंध नाही’ एवढेच वाक्य कागदावर असते. कारण दिलेले नसते, आणि अपिलाचा खरा मुद्दा तोच होय.

१९८२ च्या नियमांनुसार भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसल्यास जवान निरोगी होता असे गृहीत धरावयाचे असते. संबंध सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नसतो. वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळतो. धरमवीर सिंह प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केले. तो शिपाई अपस्माराचा रुग्ण होता. परंतु मंडळाने कारणे नोंदविली पाहिजेत, हे तत्त्व मणक्याच्या विकारासही तितकेच लागू पडते. सेवाकाल संपण्यापूर्वीच वैद्यकीय कारणास्तव घरी पाठविलेल्या जवानाचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक मानावे, असे याच न्यायालयाने २०१४ मध्ये सुखविंदर सिंह प्रकरणी म्हटले.

टक्केवारीचे महत्त्व एका हिशेबावरून ध्यानात येईल. शंभर टक्के अपंगत्वास शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम धरली, तर ३०,००० रुपये वेतनावर २० टक्क्यांचे दरमहा १,८०० रुपये होतात. ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याची सवलत लागू झाल्यास तेच ४,५०० होतात. नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्यांनाही ही सवलत देय आहे, असा निर्णय डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणी झाला. गुडघा आणि कंबर दोन्ही अधू असल्यास मात्र दोन आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. मंडळ एकत्रित टक्केवारी ठरविते.

सर्वप्रथम सेवामुक्तीची तारीख पाहावी. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम अमलात आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांचा विचार त्यांनुसार होतो. दावा नाकारल्याचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील, त्यावरील निर्णयानंतर तितक्याच मुदतीत दुसरे अपील, आणि तेही फेटाळले गेल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरण, असा क्रम आहे. त्याचे एक पीठ मुंबईत आहे.

अर्ज लिहून देणाऱ्या शिक्षकाने अथवा पंचायत सदस्याने आधी मंडळाच्या कार्यवाहीची प्रत अभिलेख कार्यालयाकडून मागवावी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे कार्यालय बेळगाव येथे आहे. भरतीच्या वेळच्या तपासणीची नोंद, दुखणे प्रथम केव्हा व कोठे उद्भवले, त्या वेळी नेमणूक कोठे होती, लष्करी रुग्णालयातील दाखल्याच्या तारखा हे सर्व क्रमाने मांडावे. ‘मी गरीब आहे, दया करावी’ अशी वाक्ये अर्जात फार आढळतात. त्यांपेक्षा एक तारीख अधिक उपयोगी पडते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मसुद्यास साहाय्य करते.

मुदत टळली म्हणून पुष्कळजण घरी बसतात. परंतु निवृत्तिवेतन नाकारणे ही दरमहा चालू राहणारी हानी आहे. तरसेम सिंह प्रकरणातील २००८ च्या निर्णयानुसार उशिरा आलेल्या दाव्याचाही विचार होऊ शकतो. थकबाकी मात्र सामान्यतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळते.