लूपर पेडल घेताय? खर्च किती आणि तो कुठे करावा

हळदीचा कार्यक्रम, शाळेचं स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातली एखादी संध्याकाळ, माळशेजच्या वाटेवरचं कृषी पर्यटन केंद्र: एकट्याने गिटार वाजवून गाणाऱ्याला जुन्नर-आंबेगावात अशा जागा आहेत. दुसरा गिटारवाला सोबत नेणं परवडत नाही, म्हणून लूपरचा विचार मनात येतो. पायाने बटण दाबलं की तुम्ही वाजवलेलं रेकॉर्ड व्हायला लागतं, पुन्हा दाबलं की तेवढाच तुकडा सलग फिरत राहतो. त्यावर तुम्ही गा, सुरावट वाजवा किंवा आणखी एक थर चढवा.

बाजारात चार हजारांपासून वीस हजारांच्या पुढपर्यंतची पेडलं दिसतात आणि महागाचं घेतलं तर लूप आपोआप तालात बसेल, असं वाटायला लागतं. तसं होत नाही. लूपची वेळ पाय साधतो, त्याला पैसे पडत नाहीत. आवाज स्वच्छ ठेवायला थोडे पैसे लागतात, आणि ते बहुधा पेडलपेक्षा वीज आणि केबलवर खर्च करावे लागतात.

घेण्याआधी: खर्च शून्य

आपल्याकडे ताल शिकायला पुण्याला जावं लागत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. ढोलकीवाला समेवर कसा येतो, हे इथल्या कानांना ठाऊक असतं. भजनी मंडळात पेटीवाला तबल्यासाठी लेहरा धरतो, तोही आवर्तनाने फिरणारा तुकडाच. लूपर तेच काम यंत्राने करतो.

म्हणून आधी फोनवर तबल्याचं किंवा मेट्रोनोमचं मोफत अ‍ॅप घ्या. केहरवा लावा, दोन-तीन कॉर्डची चाल वाजवा आणि प्रत्येक समेला जमिनीवर पाय दाबा, जणू तिथे बटणच आहे. हे सलग पाच मिनिटं न चुकता जमलं की पेडलचे पैसे कारणी लागतील. एक काळजी घ्या: हा सराव ब्लूटूथ स्पीकरवर करू नका. त्यात आवाज उशिरा पोचतो आणि पायाला चुकीची सवय लागते. वायरचा हेडफोन वापरा.

कोणतं पेडल, किती रुपयांना

खालचे आकडे अंदाजाचे आहेत. आयात मालाचे भाव हलतात, तेव्हा घेण्याच्या दिवशी दोन ठिकाणी विचारा.

*4,000 ते 6,000 रुपये:* एका बटणाचे छोटे लूपर. घरच्या सरावाला आणि छोट्या कार्यक्रमाला पुरतात. बहुतेकांत बॅटरीची जागा नसते.

*8,000 ते 10,000 रुपये:* याच रकमेच्या आसपास झूम जी-वन फोरसारखं मल्टि-इफेक्ट पेडल मिळतं. त्यात 30 सेकंदांचा लूपर आणि 68 ताल आहेत, शिवाय ते चार एए सेलवर चालतं. लाइट जाण्याचा भरवसा नसलेल्या गावात ही सोय मोठी आहे.

*9,000 ते 14,000 रुपये:* टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिटो (5 मिनिटांचं रेकॉर्डिंग) किंवा बॉसचा आरसी-1 (12 मिनिटं). नियमित कार्यक्रम करणाऱ्याने इथे थांबायला हरकत नाही.

*20,000 रुपयांच्या आसपास आणि पुढे:* बॉस आरसी-5 या वर्गातला. 13 तासांचं रेकॉर्डिंग, 99 लूप साठवायची जागा, 57 ताल. पण हे ताल बहुतेक पाश्चात्त्य ढंगाचे असतात. लावणीचा ठेका हवा म्हणून एवढे पैसे घालू नका.

मिनिटांच्या आकड्याला भुलू नका. मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत 16 मात्रांचं आवर्तन जेमतेम 10.7 सेकंदांचं होतं, म्हणजे 30 सेकंदही पुरतात. काही महाग पेडलांत क्वांटाइझची सोय असते: ताल चालू ठेवून रेकॉर्ड केलं तर किंचित चुकलेला शेवट पेडल मात्रेशी जुळवून घेतं. त्याने लूपची लांबी सुधारते, मधल्या मागेपुढे झालेल्या स्ट्रोकला काही इलाज होत नाही.

जुनं पेडल घेत असाल तर समोर बसून बटण तीस-चाळीस वेळा दाबून पाहा. झिजलेलं बटण एका दाबाला दोनदा लागतं किंवा लागतच नाही. लूपरमध्ये हा दोष असेल तर ते पेडल कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

समेवर पाय

केहरव्याचे आठ बोल घ्या: धा गे ना ती न क धी न. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत हे आवर्तन बरोबर 4 सेकंदांचं. पहिलं आवर्तन रेकॉर्ड न करता वाजवा. दुसऱ्या आवर्तनाच्या ‘धा’वर स्ट्रोक आणि पाय एकाच क्षणी पडू द्या. बंद करताना नवशिका शेवटच्या ‘न’वर दाबतो आणि एक मात्रा गिळली जाते. दाबायचं ते पुढच्या ‘धा’वर, आणि हात न थांबवता तो ‘धा’ वाजवायचाही. हात थांबला की लूपच्या तोंडाशी भोक ऐकू येतं.

एक दशांश सेकंद उशीर झाला तर काय होतं? प्रत्येक फेरी 4.1 सेकंदांची होते. पाच फेऱ्यांत अर्धा सेकंद साचतो, म्हणजे पूर्ण एक मात्रा. तालयंत्र एकीकडे आणि गिटार दुसरीकडे जाते. सोबत ढोलकीवाला असेल तर तो जाणता असला तरी त्याला लूपच्या मागे फरफटावं लागतं, कारण लूप कोणासाठी थांबत नाही. त्याला लूप नीट ऐकू येईल असा स्पीकर त्याच्याकडे वळवा.

टाच जमिनीवर टेकवून चवड्याने दाबा. पाय उचलून आणण्यातच उशीर होतो. पहिला लूप चुकला तर त्यावर थर चढवत बसू नका, तो पुसून नवा घ्या.

आवाज स्वच्छ ठेवायचा तर

लूपर प्रत्येक थरासोबत खरखरही साठवतो. एका थरात न जाणवणारी गुणगुण चार थरांनंतर कानाला टोचते. त्यामुळे हे खर्च टाळू नका:

*स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर (400 ते 2,500 रुपये):* बहुतेक छोट्या लूपरना 9 व्होल्ट डीसी लागतं आणि पिनचं मधलं टोक ऋण असावं लागतं. पेडलवर लिहिलेले मिलिअँपिअर अ‍ॅडॉप्टरने दिलेच पाहिजेत. कीबोर्डचा 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावू नका, पेडल जळू शकतं. एकाच अ‍ॅडॉप्टरवर सगळी पेडलं जोडली तर शीळ ऐकू येऊ शकते.

*दोन चांगल्या केबल (800 ते 1,200 रुपये).*

*अर्थिंगचा थ्री-पिन बोर्ड (500 रुपयांपर्यंत):* गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक असतात. तसं कधीही करू नका, तारांना हात लागला की शॉक बसू शकतो. यात्रेच्या स्टेजवर वीज जनरेटरवरची असते. मिक्सर ज्या बोर्डवर आहे तिथूनच वीज घ्या, लाइटिंगच्या बोर्डवरून नको.

लूपर पेडलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी ठेवा. मात्र डिले-रिव्हर्ब त्याच्या आधी आले की त्यांच्या आवाजाचं शेपूट लूपच्या टोकाला तुटतं. वर सांगितलेलं न रेकॉर्ड केलेलं पहिलं आवर्तन इथेही कामी येतं, कारण आधीची आस लूपच्या सुरुवातीला उतरते आणि सांधा कळत नाही. पहिला थर गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी करून जाड तारांवर वाजवा, पुढचा वरच्या सुरांत. दोन्ही एकाच जागी वाजवले तर चिखल होतो.

पक्कं बिल घ्या

आयात पेडलच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असायला हवी. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. ऑनलाइन पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. विक्रेता मुंबई-दिल्लीचा असला तरी तुमच्यासाठी पुण्याचा जिल्हा आयोग आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

एकूण हिशेब

गिटार आणि अँप्लिफायर घरात आहे असं धरलं तर: लूपर 5,000, अ‍ॅडॉप्टर 500, केबल 1,000, बोर्ड 500, पेडल वाजवून पाहायला पुण्याची एक फेरी 500. एकूण 7,500 रुपये.

तुमच्याकडे 15,000 असले तरी आधी एवढेच घाला आणि एक हंगाम वाजवा. लूप समेवर बसत असूनही साठवायची जागा किंवा दुसरं बटण कमी पडतंय असं वाटलं, तर मोठं पेडल घ्या. लूप अजून घसरत असेल तर उरलेले पैसे एखाद्या ढोलकी-तबला शिकवणाऱ्या गुरुजींच्या फीला द्या. त्याचा उपयोग कोणत्याही पेडलपेक्षा जास्त होईल.